लेकीच्या घरातलं सरकतं दार

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हा मात्र दोरीला हातही न लावता, डावा डोळा मिटून, उजव्याने बघून सांगायचा, "वरून एक सूत झुकलीय." कुणीतरी खात्रीसाठी दोरी सोडायचं आणि मग निमूटपणे चौकट सरकवायचं. तीस वर्षं त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या, त्यातली एकही परत काढून बसवावी लागली नव्हती. ही गोष्ट तो लोकांना सांगायचाही, जरा जास्तच वेळा.

लेकीच्या सासरी वरचा मजला चढला, तेव्हा त्याने व्याह्यांना बोलूच दिलं नाही. "खिडक्या माझ्याकडे लागल्या. तुम्ही फक्त उघडायच्या आणि हवा खायची."

सात खिडक्या आणि बाल्कनीचं एक सरकतं दार. आठ दिवस तो एकटाच खपला. पहिल्याच खिडकीला गडबड वाटली. पाणसळीचा, म्हणजे लेव्हलचा, बुडबुडा बरोबर मधोमध आला होता, पण चौकट वाकडी दिसत होती. गेल्या काही महिन्यांत त्याने अशाच दोन लेव्हल फेकून नव्या आणल्या होत्या. "हल्ली वस्तूच धड बनवत नाहीत," असं पुटपुटत त्याने तिसरीही पिशवीत कोंबली, चौकटीखाली पट्ट्या सरकवल्या आणि डोळ्याला सरळ दिसेपर्यंत ती वर-खाली केली. मग सिलिकॉन भरून मोकळा झाला.

त्यानंतर तो जेव्हा जेव्हा लेकीकडे जाई, तेव्हा घर कसं लख्ख असे. व्याही पोस्टातून निवृत्त झालेला, शब्द तोलून बोलणारा माणूस. "छान झाल्यात हो खिडक्या," एवढंच म्हणायचे आणि लगेच चहाचं विचारायचे. विहीणबाई खिडकीशी पाठ करून बसायच्या. त्याला कधीतरी चुकल्यासारखं व्हायचं, पण नेमकं काय ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं.

एके दिवशी लेकीचा फोन आला.

"बाबा, इकडे यायचं निदान एक दिवस आधी कळवत जा ना."

"का गं? परका झालो का मी?"

ती एका दमात बोलून गेली, "तुम्ही येणार म्हटलं की आम्हाला खिडक्यांतली फडकी काढून लपवावी लागतात. पाऊस आत येतो. स्वयंपाकघरातल्या खिडकीची झडप उघडली की आपोआप मिटते, म्हणून मी लाटणं अडकवते. सासूबाई एका शब्दाने काही बोलत नाहीत, आणि तेच मला जास्त लागतं. तुम्हाला सांगावं तर तुम्ही दुखावणार, न सांगावं तर रोज मीच मान खाली घालून वावरते."

"उद्या करून टाकतो," तो म्हणाला, "कुणाला कळणारसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी व्याही आणि विहीणबाई तपासणीसाठी दवाखान्यात जाणार होते, लेक-जावई कामावर. लेकीने किल्ली दिली. दुपारी बाराला तो घरात शिरला, हत्यारांची पिशवी आणि फोन टेबलावर ठेवला आणि आधी सरकत्या दाराचा खालचा रूळ बाहेरून बघायला बाल्कनीत गेला.

पाठीमागे दार हळूच घरंगळलं. खट्!

खटका आतून लागला होता. बाहेरून उघडायला मूठ नव्हती. ती नको, असं त्यानेच ठरवलं होतं. त्याने काच ढकलली, बोटं फटीत घालून पाहिली. नेमकी हीच एक वस्तू त्याने अगदी घट्ट बसवली होती.

ओरडावं, तर अख्ख्या गल्लीला कळणार. समोरच्या दुकानाबाहेर एक माणूस टेम्पोत गाद्या चढवत होता. त्याने वर पाहिलं, तसा हा कुंडीतली वाळकी पानं खुडायला लागला. ऊन डोक्यावर आलं. बसायला वीतभर सावली, तीही सरकत चाललेली. एरवी मनात येईल तेव्हा उठून चालू पडणारा माणूस चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत राहिला.

तासाभराने तो दाराची चौकट निरखायला बसला. सवयीने डावा डोळा मिटला. चौकट त्याला सरळ दिसली. तेवढ्यात घामाचा ओघळ उजव्या डोळ्यात गेला, तो चुरचुरला, म्हणून तो मिटून त्याने डावा उघडला. चौकट खाडकन कलली. वरचं टोक चांगलं दोन बोटं आत गेलेलं. पुन्हा उजवा: सरळ. समोरच्या इमारतीचा कोपरा पाहिला, तर उजव्या डोळ्याला तो पोट सुटलेला, डाव्याला दोरीसारखा सरळ. त्याने दहा-बारा वेळा डोळे बदलून पाहिले. मग हात मांडीवर ठेवून तो नुसता बसला. टाकून दिलेल्या दोन्ही लेव्हल चांगल्या होत्या.

तीन वाजता विहीणबाई वर आल्या, काचेपलीकडे माणूस बघून किंचाळल्या. मागोमाग व्याही धावले. त्यांनी खटका काढला.

"अहो व्याहीबुवा, इथे कसे?"

जिभेवर सबब आली होती. पण लाल झालेला चेहरा, सुकलेले ओठ घेऊन ती सांगणार कशी?

"दार माझंच चुकलंय," तो म्हणाला. "खिडक्यासुद्धा. सगळ्या. मला सरळ दिसत नाही."

विहीणबाईंनी त्याला पाणी दिलं. व्याह्यांनी पंखा लावला. मग म्हणाले, "आम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. भिडेपोटी राहिलं."

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याच्या पडद्याचा आजार सांगितला. इंजेक्शनं घेतली तर आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही. दुसऱ्या डोळ्यावरही लक्ष ठेवावं लागेल, भरवसा त्याचाही नाही. लेकीकडच्या खिडक्या वर्कशॉपमधल्याच जोडीदाराने काढून पुन्हा बसवल्या. हा खाली स्टुलावर बसून स्क्रू मोजून देत होता. "बघून सांग ना रे, बरोबर आहे का?" जोडीदाराने सवयीने विचारलं आणि जीभ चावली.

आता तो वर्कशॉपच्या कोपऱ्यात झडपांना रबर लावतो. ते बोटांनी जमतं. बायकोबरोबर बाहेर पडला की त्याची मान अजूनही इमारतींकडे वळते.

"ती तिसरी खिडकी बघ. सरळ आहे का?"

"सरळ आहे हो."

"आणि तिच्या वरची?"

"तीही सरळच."

ती सगळ्याच खिडक्यांना सरळ म्हणते. तो मान डोलावतो आणि तिचा हात धरून चालू लागतो.