बर्फाचा मुद्देमाल

नेत्रपेढीच्या डॉक्टरला मी एकदा डोळेचोर म्हणून पकडलं. ऐंशीच्या दशकातली, घाटकोपरची ही गोष्ट. अजून आठवली की आधी मान खाली जाते, मग हसू येतं.

मी तेव्हा नवा फौजदार. सकाळी ठाण्यात फोन आला, ‘साहेब, इस्पितळात मयताचे डोळे काढून नेतायत.’ मयत म्हणजे शिडीवरून पडून गेलेला एक रंगारी, फोन करणारा त्याचा शेजारी. अपघाती मृत्यूची नोंद आमच्याकडे होती, पंचनामा बाकी होता. हवालदाराला घेऊन जीपने सुटलो.

शवागाराबाहेर एक सडपातळ इसम थर्मास घेऊन उभा. उघडून पाहिलं, आत नुसता बर्फ. तो मी मुद्देमाल म्हणून जप्त केला आणि त्याला बाकावर बसवून चौकशी सुरू केली.

‘डोळे कुठायत?’

‘जागच्या जागी आहेत. अजून हात लावलेला नाही.’

‘कोणाला विकतोस?’

‘मी डॉक्टर आहे. नेत्रदानासाठी आलोय.’

‘असं सगळेच सांगतात. परवानगी दाखव.’

‘मयताच्या बायकोची मिळाली. दुसरी तुमच्याकडे आहे.’

‘माझ्याकडे?’

‘पोलीस केस आहे ना. पंचनामा करून तुम्ही ना हरकत दिल्याशिवाय इस्पितळ मला आत सोडत नाही. तुमचीच वाट बघत होतो. अजून उशीर झाला तर डोळे वाया जातील.’

हवालदार छताकडे बघायला लागला.

तेवढ्यात मयताची बायको आली. मालवणकडची. डोळे रडून सुजलेले, आवाज मात्र खणखणीत.

‘सायबानू, त्येंनीच सांगल्यानी होता, डोळे देऊन टाक. माझी ना नाय. मगे तुमी कित्याक अडवतास?’

मी पंच गोळा केले. फोन करणारा शेजारीच त्यातला एक. बिचारा मान वर करेना. पंचनामा उरकला, शवविच्छेदनाच्या डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, मी ना हरकत लिहून दिली. मुद्देमाल परत करायला गेलो तर तो निम्मा वितळलेला. हवालदाराने कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणून थर्मास भरला.

ते डोळे कामी आले. डॉक्टरांनी तक्रार तर केली नाहीच, उलट ठाण्यात येऊन तेवढं सांगून गेले. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही, आणि त्या बाईंचे तर नाहीच. नवरा गेला त्याच दिवशी त्याचा शब्द पाळायला त्या फौजदारासमोर उभ्या राहिल्या. पुढे नोकरीभर नेत्रदानाचा फोन आला की मी हातातला चहा ठेवून निघायचो. दुसऱ्याकडे परवानगी मागण्याआधी ती आपल्याच टेबलावर अडकलेली नाही ना, एवढं बघायला त्या दिवशी शिकलो.

पुढे बाई बाजारात भेटल्या. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, मीही नेत्रदानाचं लिहून दिलंय.

त्यांनी मला नीट न्याहाळलं. ‘बरा केल्यात. पण घेणाऱ्याक आधी सांगून ठेवा, ह्या डोळ्यांका डॉक्टरय चोर दिसता.’