कोलून मारलेला बॉल

“सरका रे पोट्टेहो, आता उडते बॉल,” असं म्हणून तो स्टिकला खडू घासायचा, आणि यवतमाळच्या आमच्या पूल पार्लरमधली पोरं आपापला डाव सोडून त्याच्याभोवती जमायची. पांढरा बॉल आडव्या आलेल्या बॉलवरून टुणकन उडायचा आणि पलीकडच्याला जाऊन भिडायचा. पार्लरच्या खालीच माझं झेरॉक्सचं दुकान. मीसुद्धा ते पाहायला जिना चढून जायचो.

धंद्याने तो कूलर मिस्त्री. उन्हाळाभर लोकांच्या कूलरचं गवत बदलायचा, बाकीचं वर्ष इथे पडीक. बायको केव्हाच माहेरी निघून गेलेली, भाऊ विचारत नव्हते. त्याला जगात धड येत होती ती बॉल उडवायची ही एक जंप, आणि तिच्यापायी पोरं त्याला भाऊ म्हणायची, चहा पाजायची. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल.

मग गावात स्पर्धा झाली, नागपूरहून पंच आला. याने बॉल उडवला, टाळ्या पडल्या आणि पंच म्हणाला, “फाऊल.”

“कायचा फाऊल? उडाला ना?”

“खालून उचलला तुम्ही. वरून मारायचा असतो.”

खरंच होतं. गिल्लीदांडूत गिल्ली कोलतो ना आपण, तसा तो स्टिकचं टोक बॉलखाली घालून कोलत होता. आम्ही सगळे गिल्ली खेळूनच मोठे झालेले, आम्हाला त्यात काय खटकणार? जिना उतरताना तो एवढंच म्हणाला, “इतले वर्षं मी कोलूनच राह्यलो होतो काय बे?”

दुसऱ्या दिवसापासून तो खरी जंप शिकायला लागला. स्टिकचा मागचा भाग उंच धरायचा, वरून ठोका द्यायचा. बॉल टेबलावर दबून आपसूक उसळतो म्हणे. यासाठी आखूड स्टिक मिळते, आपण मागवू, असं मी म्हटलं.

“आखूड स्टिकनं तं कोणीही उडवंल. मले पुऱ्या स्टिकनंच पायजे.”

पुरी स्टिक तिरपी उभी केली की कोपर अडायचं, मनगट आखडायचं. ऐन वेळी हात सवयीने खाली जाऊन कोलायचा, आणि तो स्वतःच “फाऊल” म्हणायचा. पावसाळा गेला, हिवाळा गेला, एकदाही जमलं नाही. मला ते पाहवत नव्हतं.

एकदा साधाच डाव चालला होता. त्याचा बॉल अडला.

“कोला ना भाऊ, इथं कोण पाह्यते,” पोरं म्हणाली.

 त्याने जुन्या पद्धतीने टोक खाली घातलं. बॉल उडाला नाही. पुन्हा लावला, पुन्हा कोलला. बॉल नुसता घरंगळला. खरी तर आली नव्हतीच, होती तीही हातातून गेली होती.  त्याने स्टिक जागेवर ठेवली आणि चपला घातल्या.

त्यानंतर तो पार्लरमध्ये आलाच नाही. उन्हाळ्यात माझ्या दुकानाचा कूलर बसवायला आला, तेव्हा मोटारीची वायर जोडता जोडता म्हणाला, “पुढच्या वर्षी दुसरा मिस्त्री पाह्य. मी बाभुळगावले राहाले चाललो.”

“काहून?”

“तिथं पूलचं टेबल नाही,” तो म्हणाला, आणि त्याने मला पाणी सोडायला सांगितलं.