मेट्रनबाईंचा राउंड

आजारी पडायला आमच्या गल्लीतली माणसं जितकी घाबरत, तितकी साऱ्या साताऱ्यात कुठे घाबरत नसतील. ताप दोन दिवसांत उतरायचा, पण मेट्रनबाई आठवडाभर अंथरुणातून उठू देत नसत. मिशनच्या दवाखान्यातून त्या निवृत्त झाल्याचं दवाखान्याला कळलं होतं. त्यांना बहुधा कोणी सांगितलं नव्हतं. जन्म शिराळ्याकडच्या खेड्यातला, त्यामुळे बोलणं रांगडं, आणि साडी मात्र पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची. रविवारी उपासना संपली की पाळकसाहेब चर्चच्या दाराशी आलेल्यांना सलाम करीत आणि बाई शेजारी उभ्या राहून न आलेल्यांची नावं मनात घोळवीत. मग पेजेचा डबा, थर्मामीटर आणि बायबल पिशवीत घालून त्यांचा राउंड सुरू होई. आमच्या घरी गणपती बसतो, तरी मला त्यातून सुटका नव्हती. एकदा तापात मी धीर करून म्हणालो, "बाई, मी काही तुमच्या मंडळीतला नाही."

"नसंना का," त्या थर्मामीटर झटकत म्हणाल्या. "शेजाऱ्यावर प्रीती कर, असं प्रभूनं सांगितलंय. शेजारी कुठल्या चर्चचा ते इचार, असं न्हाई सांगितलं. आ करा."

चहा समोर आला की त्या डोळे मिटून प्रार्थना करीत, आणि तीत औंधला बदलून गेलेल्या पोस्टमनपासून दूधवाल्याच्या गाभण म्हशीपर्यंत सगळे यायचे. तोवर चहावर जाड साय धरायची. माझी बायको एकदा तो पुन्हा गरम करायला उठली, तर बाई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "बसा वैनी, आता तुमचंच नाव येतंय."

अशा बाईंचं भांडण झालं ते पेटीवाल्या गुरुजींशी. हे निवृत्त शिक्षक गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटेच राहत आणि चर्चमध्ये पेटी वाजवीत. पण इतकी संथ, की बाईंचं कडवं संपलं तरी गुरुजी धृपदातच असत. एका नाताळच्या तालमीत बाई सगळ्यांदेखत बोलून गेल्या, "गुरुजी, तुमच्या चालीनं प्रभू जन्मायच्या आधीच माणसं झोपतील." लोक हसले. गुरुजींनी शांतपणे भाता बंद केला, पेटीवर कापड घातलं आणि ते घरी गेले. त्यानंतर ते चर्चला आले नाहीत.

पुढच्या रविवारी न आलेल्यांत पहिलं नाव गुरुजींचं होतं. बाईंनी ते घर टाळलं. त्याच्या पुढच्या रविवारीही टाळलं. मग महिन्याचं प्रभुभोजन आलं. भाकर आणि द्राक्षरस घ्यायला सगळी मंडळी पुढे गेली आणि मेट्रनबाई एकट्या बाकावर बसून राहिल्या. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी त्या चर्चमधून थेट आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. डबा हातात तसाच होता.

"भाऊ, मनात भांडण घिऊन प्रभूच्या मेजापाशी जायचं नसतंय," त्या म्हणाल्या. "जगाच्या दारात गेले आणि त्या एका दारात पाय टाकंना. तुमी संगट येता का?"

चाळीस वर्षं डॉक्टरांनाही दरडावणारी ही बाई गल्लीच्या टोकापर्यंत जाताना दोनदा थांबली. दार गुरुजींनीच उघडलं. दाढी वाढलेली, खोलीत कोंदट वास. बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आता कसं वाटतंय?"

"कुणाला, मला?" गुरुजी तुसडेपणानं म्हणाले.

"न्हाई, मला," बाई म्हणाल्या. "लय वाईट वाटतंय, गुरुजी. माझं चुकलं. माफ करा."

गुरुजी दारातून बाजूला झाले. मग खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून त्यांनी जागा केली. "पेज गरम आहे का?" त्यांनी विचारलं.

पुढच्या रविवारी पेटी पुन्हा वाजली. संथच वाजली. बाई प्रत्येक ओळीच्या शेवटी दम धरून थांबायच्या, म्हणे. दोन वर्षांनी गुरुजी गेले. शेवटचे आठ दिवस त्यांना पाणी पाजायला बाईच होत्या.

नंतर गुडघे अगदीच थकले, तेव्हा मुलगा त्यांना सांगलीला घेऊन गेला. गेल्या महिन्यात मी भेटायला गेलो. बाई आता अंगानं आकसून गेल्यासारख्या दिसतात. गल्लीतल्या एकेकाची चौकशी झाल्यावर त्यांनी विचारलं, "गुरुजींच्या खोलीत आता कोण राहतंय?"

"म्हसवडकडचं एक जोडपं आहे. चार महिने झाले."

"नावं काय त्यांची?"

मला सांगता येईना. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग सुनेला हाक मारून त्यांनी डब्यात करंज्या भरायला लावल्या आणि झाकण स्वतः लावलं.

"त्यांना द्या," त्या म्हणाल्या. "माझं नाव सांगू नगा. तुमचं सांगा."

साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. मी घरी न जाता तसाच गल्लीच्या टोकाला गेलो आणि त्या दाराची कडी वाजवली.