इंदूची डबी
इंदूनं पाणीपुरी ताटलीतच चुरली आणि चिमटीनं तोंडात सारली. शिवमंदिराबाहेर उभे होतो आम्ही. पाणीपुरीवाला हसला, "मावशी, ऐसे कौन खाता है?"

"तू तुजं बघ," इंदू म्हणाली.

मी विचारलं, "आख्खी जात नाही का गं?"

"दाढ हलतीय."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. पुढं सगळा दवाखानाच.

ही माझी बायको. आमच्या बुवापाड्यात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. मी कारखान्यातून आलो की उंबऱ्यातच अडवायची. "हां करा." मी तोंड उघडून हां करायचो. तंबाखूचा वास आला की माझं ताट बाहेर ओट्यावर, कुत्र्याच्या शेजारी. "तोंडात उकिरडा घेऊन माझ्या घरात जेवायचं न्हाई." अशी माझी तंबाखू सुटली, मागोमाग बिडी सुटली. दारूला तर तिच्या धाकानं कधी शिवलोच नाही.

आणि स्वतः? तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. घरभर ठसका. सकाळ झाली की ओट्यावर शेजारच्या शांतावहिनींबरोबर बसून बोटानं दात घासायची, चहा गार होईपर्यंत गप्पा. मी बोललो की म्हणायची, "ही मशेरी हाय. तंबाखू येगळी. ह्यानं दात घट ऱ्हात्यात." मी मानलं. घरात तिचाच कायदा होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. गालात पांढरा चट्टा आला, फोड दोन आठवड्यांत भरला नाही, तिखट झोंबायला लागलं, तोंड पुरतं उघडेना, की लगेच यायचं. लवकर आलं तर माणूस वाचतो." मी इंदूकडं बघितलं. ती भिंतीकडं बघत होती. तोंडाच्या कॅन्सरनं ती सहा महिन्यांत गेली.

चट्टा कधीचाच होता. शांतावहिनींना माहीत होतं. "मालकांना सांगू नगं, माजी डबी फेकतील," असं सांगून इंदूनं त्यांनाही गप्प बसवलं होतं. मला रोज हां करायला लावणारी बाई माझ्यासमोर तोंड मिटून बसली. गेलेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. तिनं मला फसवलं.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मी हात जोडले, "आपल्या लेकीला अंतर देणार नाही." नाही शिवला. "तंबाखूला परत हात लावणार नाही." तरी नाही. मग शांतावहिनींनी कनवटीला ठेवलेली इंदूची डबी काढून चिमूटभर मशेरी पिंडाशेजारी ठेवली. कावळा लगेच उतरला. बायका रडायला लागल्या, "जीव डबीत अडकला हुता गं!" मला रडू आलं नाही. माझ्या शब्दाला आली नाही, डबीला आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. शांतावहिनी ओट्यावर एकट्याच, बोट तोंडात, मांडीवर इंदूची डबी. मी डबी उचलली आणि गटारात उपडी केली.

"अवं भाऊजी! तिची आठवण व्हती ती!"

"चूळ भरा," मी म्हणालो. घरातून बॅटरी आणली. "आता हां करा."

"इश्श! लोक बघत्यात."

"बघू द्या. हां करा."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं, पदर सावरला. मग तोंड उघडलं. डाव्या गालात चट्टा होता, चुन्यासारखा पांढरा.

मी बॅटरी विझवली. "चपला घाला, वहिनी. दवाखान्यात नंबर लावायचाय."