काकाचे दोन्ही रॉड

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाहीतर राहू द्या, चहा प्या गुपचूप.

अहो, मी एका जिवंत माणसाला मारलंय! सख्ख्या काकाला! तेही फॅमिली ग्रुपवर, शुद्ध मराठीत, दोन मेसेजमध्ये.

बबनकाका म्हणजे माझे अकोल्याचे काका. माणूस देवासारखा, पण जीव सगळा मोटारसायकलीत. सकाळी उठून आधी गाडी पुसणार, मग तोंड धुणार. ती गाडी ते सहसा कोणाला देत नाहीत. मला मात्र देतात. का? तर अमरावतीला राजापेठेत माझे गणिताचे क्लास आहेत. "नित्या शिकेल हाये, त्याले बंदं समजते," म्हणजे मला सगळंच कळतं, असा त्यांचा पक्का समज.

त्या रविवारी मी अकोल्याला गेलो आणि काकूनं मला दही आणायला पाठवलं. येताना गल्लीच्या तोंडाशी पाइपलाइनसाठी खोदलेला चर होता. तो गेल्या सहा महिन्यांपासून तिथंच होता बरं का! अख्ख्या अकोल्याला दिसत होता, मलाच दिसला नाही. समोरचं चाक धाडकन आत. मी वाचलो, दही वाचलं. गाडी मात्र दारू प्यायल्यासारखी चालायला लागली. समोरच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या त्या दोन चकचकीत नळ्या असतात ना, त्यांच्यावरून तेल ओघळत होतं.

मी काय केलं? रुमालानं तेल पुसलं आणि गाडी होती तिथं लावून दिली.

"कशी चालते?" काकांनी विचारलं.

"एकदम लोण्यासारखी!" मी म्हणालो, आणि मिळाली ती एसटी पकडून अमरावतीला पळालो.

गुरुवारी संध्याकाळी क्लास चालू होता. वर्गात हा गोंगाट! फोन पाहिला तर एकाच अनोळखी नंबरचे सात मिस्ड कॉल. तेवढ्यात आठवा आला.

"हॅलो, बबनकाकाचे पुतणे का? सलीम बोलून राहिलो, अकोल्याहून. काका आले होते आमच्याकडं. शॉकचं काम हाये त्यायचं."

काका शॉकमध्ये? माझ्या हातातला खडू पडला.

"काय झालं हो?"

"समोरून लय मार लागला, भाऊ. दोनी रॉड वाकले. नवे टाका लागतीन."

आता मला सांगा, आपल्याकडं 'रॉड टाकायचा' म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यासमोर काय येतं? पाय! प्लॅस्टर! वर टांगलेला पाय! आणि माझ्या मनात तर चार दिवसांपासून चोर बसलेला. मी वाकवलेल्या गाडीवरून काका पडले, दुसरं काय!

"दोन्ही?"

"दोनी. डावा जास्त. सील बी फाटले, बंदं गळून गेलं. खोलून ठेवलं म्या. तुमच्यासाठीच थांबलो. ओरिजिनल टाकू का लोकल?"

"अहो, जे चांगलं असेल ते टाका! आधी काकांना फोन द्या."

"काका तं गेले ना भाऊ."

"गेले?"

"हो, अर्धा घंटा झाला. तुमाले फोन लावून लावून थकलो, तुमी उचलूनच नाई राहिले."

मी टेबल धरलं.

"जाताना... काही बोलले का?"

"बोलले ना. म्हणे, पुतण्याले इचार. म्हणे, त्याले सगळं ठाऊक हाये."

संपलं! काकांना कळलं होतं! शेवटच्या क्षणी माझंच नाव घेतलं!

"खूप त्रास झाला का हो त्यांना?"

"त्रास काहाचा? चहा पेले अन् हासत हासत गेले."

मी फोन ठेवला आणि पोरांसमोर ढसाढसा रडलो. पोरांना वाटलं युनिट टेस्टचे पेपर तपासून आले.

तुम्ही म्हणाल, खात्री नाही का करायची? केली हो! काकांना फोन लावला, कोणी उचलला नाही. आता मेलेला माणूस फोन कसा उचलेल? काकू रिद्धपूरला दर्शनाला गेलेली, तिचा फोन बंद. म्हणजे खात्री झालीच. मी ग्रुपवर लिहिलं, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपले लाडके बबनकाका, वय ७२, आज अपघातात आपल्याला सोडून गेले.'

सुनीताताई, म्हणजे माझी मोठी बहीण, गाडी घेऊन दहा मिनिटांत दारात. निघता निघता तिनं काकांच्या शेजारच्या वानखडेकाकांना फोन करून हार आणायला सांगितलं. रस्ताभर ती एका हातानं डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हातानं गाडी चालवत होती. मूर्तिजापूर मागं पडलं आणि माझ्यानं राहवेना. मनावरचा दगड उतरवायचा म्हणून मी दुसरा मेसेज टाकला, 'काकांच्या मृत्यूला मी जबाबदार आहे. रविवारी गाडी मीच चरात घातली. तेल रुमालानं पुसलं आणि काकांशी खोटं बोललो. जमल्यास मला माफ करा.'

अकोल्याला पोचलो. एकीकडून आम्ही आणि दुसरीकडून हार घेतलेले वानखडेकाका, असे एकदमच फाटकात शिरलो.

ओट्यावर बबनकाका बसले होते. मांडीवर चिवड्याची ताटली. नाकावर चष्मा आणि हातात नुकताच चार्जिंगवरून काढलेला फोन.

ताईनं किंकाळी फोडली. मी तर ओट्याची पायरीच धरून बसलो.

"काका! तुमी जिते हा?"

"ते जाऊ दे," काका म्हणाले. "माहं वय बाहत्तर कोनं सांगतलं तुले? सदुसष्टचा हावो मी!"

"पण काका, तो सलीम म्हणे तुमी गेले!"

"घरी आलो ना! गॅरेजमदी काय मुक्काम करू का? फोन घरी रायला होता म्हून तुहा नंबर देल्ला त्याले. म्हटलं, पुतण्याले गाडीतलं सगळं ठाऊक हाये."

मग काकांनी चष्मा सावरला आणि माझा दुसरा मेसेज मोठ्यानं वाचायला घेतला. एक एक शब्द, पहिलीतल्या पोरासारखा. 'रु-मा-ला-नं पुसलं'पर्यंत आले आणि वानखडेकाका उसळले.

"बबन! सोमवारी गिरणीवर जायले तुही गाडी नेली, तं चार दिवसांपासून मले शिव्या देऊन राहिला ना तू? वाकवली म्हून? घे आता! चोर तं तुह्या घरातच निंगाला!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. सलीम. "भाऊ, फोन काहून कापला? टाकू का नाई?"

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. "ओरिजिनल टाक, सलीम. अन् पुतण्याले काही इचारू नको."

सगळे माझ्याकडं बघतायत, मी जमिनीकडं. वानखडेकाकांनी हातातल्या हाराकडं पाहिलं.

"एवढा ताजा हार हाये. वाया काहून घालवा?" असं म्हणून त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला. लाजेनं माझे डोळे मिटले आणि नेमका तेव्हाच ताईनं फोटो काढला. मेसेजखाली श्रद्धांजल्या वाहणाऱ्यांना खुलासा म्हणून तिनं तो ग्रुपवर टाकला. एवढ्यावर थांबावं की नाही? काकांनी तोच ग्रुपचा डीपी करून टाकला. काढायला तयारच नाहीत!

गेल्या महिन्यात घरात नवे जावई आले. त्यांना ग्रुपमध्ये घेतलं. भला मुलगा. डीपी पाहून त्यांनी पहिलाच मेसेज टाकला, 'भावपूर्ण श्रद्धांजली. फोटोवरून स्वभाव शांत वाटतो. ओळख व्हायची राहून गेली.'

खाली चाळीस माणसं गप्प. एकानं खुलासा केला असेल तर शपथ!

मग मी तरी काय करणार? 'धन्यवाद' लिहिलं.