लाल दिसू नये म्हणून

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५. कासार आंबोली. सकाळपासून ऊन. टँकर आला नाही. साडेदहाला रूपालीच्या कंपनीत पूजा. दुपारी रत्नाबाई रडत आली. पाचला कौस्तुभ नावाचा इसम व्हरांड्यात बसून गेला. किळस आली.

एवढं लिहून रोहिणीबाई थांबल्या. पन्नास वर्षांच्या डायऱ्यांत हा शब्द त्यांनी फार तर चारदा लिहिला असेल.

त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी रूपाली मुळशीची, धरणात मासे धरणाऱ्याची लेक. बावधनच्या एका छोट्या कंपनीचं काम ती घरूनच करी. इस्पितळाच्या डायलिसिसच्या नोंदणीसाठी तिने महिनाभर खपून क्लाउडवर दोन लोड बॅलन्सर उभे केले होते. एक पडला तर दुसरा सांभाळेल, असे.

"काकू, लोड बॅलन्सर म्हणजे चांदणी चौकात वडापच्या जीपांचा नंबर लावणारा असतो ना, तसं," तिने सांगितलं होतं. "तीन सर्व्हर म्हणजे तीन जीपा. बंद जीपमध्ये माणूस बसवायचा नाही. म्हणून तो दर दहा सेकंदांनी प्रत्येकीला विचारतो, चालू आहेस का? उत्तर नाही आलं की पडद्यावर लाल."

नव्या नोंदणीच्या पूजेच्या ऐन वेळी तिसरा सर्व्हर लाल झाला. तिचा साहेब कौस्तुभ फोनवर म्हणाला, "मालक पाहुण्यांना घेऊन पडद्यासमोर बसलेत. मुहूर्ताला लाल नको. ती तपासणीच बंद कर. आरती झाली की लाव."

रूपालीने बंद केली. सगळं हिरवंगार. आरती झाली, पेढे वाटले. तिने तीनदा विचारलं. तीनदा उत्तर आलं, पाहुणे जेवतायत. आणि दर तिसरा माणूस बंद सर्व्हरकडे जात राहिला, कितीदाही प्रयत्न केला तरी तिथेच.

दोन वाजता भांडीवाली रत्नाबाई आली ती डोळे पुसतच. "काकू, सकाळधरनं मोबाइलवर निस्तं पांढरं पान! ह्यांचा उद्याचा डायलिसिसचा नंबर गेला. पाय लई सुजल्यात वो."

रूपालीने ते ऐकलं आणि कुणाला न विचारता तपासणी पुन्हा लावली. पडद्यावर लाल उमटलं.

पाचला कौस्तुभ आला. सोबत पेढ्यांचा पुडा.

"मालकांना मेल टाक, तपासणी तुझ्याकडून चुकून बंद राहिली म्हणून. नोंद तुझ्याच नावावर आहे. तू नवी आहेस, तुला माफ करतील."

"नाही टाकला तर?"

"मग मी टाकतो. आणि उद्यापासून तू कामावर नाहीस."

रोहिणीबाईंनी विचारलं, "काय रे, पूजेत कुंकू कुठल्या रंगाचं होतं?"

"आजी, तुम्हाला यातलं कळणार नाही."

"बंद जीपमध्ये रत्नाबाईचा नवरा बसवला होतास, एवढं कळलं." मग त्या रूपालीकडे वळल्या. तिचाही त्यांना वीट आला होता. "आणि तू गं? हात तुझाच होता ना?"

"व्हय," रूपाली म्हणाली. शहरात शिकलेली भाषा गळूनच पडली. तिने तिथेच लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: "कौस्तुभ सरांनी फोनवर सांगितलं म्हणून तपासणी मी बंद केली. मी नाही म्हणायला हवं होतं." मालकाला आणि इस्पितळाला, दोघांनाही धाडलं.

"भिकेला लागशील," म्हणत कौस्तुभ पायऱ्या उतरला. पुडा मात्र आठवणीने उचलला.

सहाच्या आत रूपालीचं कंपनीतलं खातं बंद झालं. सात वाजता इस्पितळातून फोन आला: रत्नाबाईच्या नवऱ्याला उद्या दुपारी आणा.

रोहिणीबाईंनी ते सारं तारखेखाली उतरवलं. शेवटची ओळ लिहिली: जेवायला दोघी. पिठलं-भात. गोडेतेल संपलं.