हिलाल भोयाचा बांबू

आमच्या घाटावर तापीतली नाव हिलाल भोयाची. बाप चालवायचा, त्याचा बाप चालवायचा. स्वराज्य आल्यावर सात-आठ वर्षांनी, सरकारनं नद्यांसाठी नेमलेल्या आयोगाची माणसं आली अन् काठच्या खडकात वीस फुटी खांब रोवून गेली. पांढरा खांब, फुटाफुटाला काळी रेघ अन् आकडा, बारा फुटांवर एक रेघ लाल. लाल बुडाली की नाव बंद. रोज पाणी किती चढलं ते हिलालनं पोलीस पाटलाला सांगायचं; पूर दिसला की शिंदखेड्याहून खालच्या गावांना तार जायची. "चुकलास तर घाट दुसऱ्याला देईन," ओव्हरसीर साहेबानं बजावलं होतं.

हिलालला आकडे वाचता येत नव्हते, मोजता येत होतं. उन्हाळ्यात खांब कोरडा होता तेव्हाच त्यानं नावेचा बांबू त्याच्या बुडाशी उभा धरला अन् रेघेरेघेला खाच पाडून घेतली. लाल रेघेला दोन खाचा.

श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला बाया घाटावर उतरल्या. पाण्यात एकटा उभा खांब पाहून त्यांना भक्ती सुटली. हिलालची बायको ताईबाई नावेत उभी राहिली अन् पाण्यापासून हात पुरेल तिथवर तिनं खांबाला शेंदूर फासला. रेघा गेल्या. सगळा खांबच लाल.

दुपारी पाणी गढूळ होऊन चढू लागलं. पलीकडच्या गावचे कानबाईचे पाहुणे घरी निघाले होते. रोटाच्या जेवणानं सुस्तावलेले, पण तोंडं तिखट.

"हिलालभो, नाव काढ ना!" त्यांच्यातला झुलाल ओरडला; त्याला म्हशीची धार काढायची होती. "मन्ही म्हैस तठे दोहानी शे!"

"लाल रेघ पाहू दे."

"रेघ? बठ्ठा खांब लाल शे! तुन्ही बायकोनीच लावा. आते काय, जलमभर नाव बंद?"

लोक खदाखदा हसले. ताईबाईनं पदर तोंडावर ओढला.

हिलालनं नाव एकट्यानं खांबाशी नेली, बांबू बुडाशी टेकवला, वर काढला. ओल दोन खाचांच्या वर अर्धा फूट चढलेली.

"नाव बंद," तो म्हणाला. "म्हैसले सांग, सकाय येस."

शिव्या पडल्या. तेवढ्यात ओव्हरसीर साहेब जीपमधून उतरला. खांब पाहून त्याचं तोंडही शेंदरी झालं.

"ही पट्टीची दशा? पाणी किती ते कसं सांगणार? घाट काढून घेतो तुझा!"

हिलालनं बांबू पुढे केला. "बारा अन् वर अर्धा, साहेब."

साहेबाचा विश्वास बसेना. टेप घेऊन तो नावेत बसला. खांबाच्या डोक्यापासून पाण्यापर्यंत साडेसात फूट. विसातून साडेसात गेले. साहेबानं टेप गुंडाळला. मग काठावर उतरून तिथं आलेल्या पोलीस पाटलाला म्हणाला, "साडेबारा लिहा. शिंदखेड्याला माणूस धाडा." अन् झुलालकडे वळून, "तू काय बोलत होतास?"

झुलाल म्हशीचं नावही काढेना. संध्याकाळी घाटाची वरची पायरीही बुडाली. पाहुणे दुसऱ्या दिवशीचं जेवूनच गेले.

पाणी उतरल्यावर खांबाला नवा रंग लागला. हिलालच्या बांबूसारखा दुसरा बांबू साहेबानं खालच्या घाटासाठी करून नेला.

पुढच्या कानबाईला ताईबाई शेंदराची वाटी घेऊन आली अन् घुटमळली.

"आते कोठे लाऊ?"

हिलालनं बांबू आडवा धरला. "आठे लाव. शेंड्याले. पन खाचा सोडीसन."

तिनं एकच बोट लावलं.